जॅकार्ड मागावर, रंगकाम बाहेर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना वाटेत वळसंग लागते. तिथल्या माझ्या ओळखीच्या एका तरुणाने सोलापुरी चादरी विकण्यासाठी वर्डप्रेसवर संकेतस्थळ उभारले. ऐन दिवाळीच्या तोंडावर त्याने एक नवे प्लगइन घातले आणि सारे दुकानच बंद पडले. दोन दिवस एकही मागणी नाही! ‘आता सगळी कामे बाहेरच देतो,’ असे तो वैतागून म्हणाला.

मी त्याला मागाचेच उदाहरण दिले. मागावर जॅकार्ड असले, की ताण्याचे कोणते धागे उचलायचे हे छिद्रे पाडलेली कार्डे ठरवतात. नक्षी बदलायची तर माग मोडावा लागत नाही. कार्डे बदलली की झाले. ही युक्ती १८०४ सालची. प्लगइनचेही तसेच. मूळ प्रणाली न बदलता तिला नवे काम शिकवता येते. पण जॅकार्ड अडले की माग थांबतो. प्लगइन प्रणालीच्या पोटातच चालते, म्हणून त्याची चूक सगळ्यांना भोवते.

दुसरी रीत म्हणजे सूत रंगवायला बाहेर देणे. ॲमेझॉनने २०१४ मध्ये ‘लॅम्डा’ ही अशी सेवा आणली. तिला ‘सर्व्हरलेस’ म्हणतात. सर्व्हर असतोच, फक्त त्याची देखभाल आपल्याकडे नसते. संकेतस्थळ निरोप धाडते, काम बाहेर होते आणि जितके काम चालले तितकीच मजुरी, तीही मिलिसेकंदांच्या हिशेबाने. मात्र लॅम्डाचे एक काम पंधरा मिनिटांपलीकडे चालत नाही. बराच वेळ निजलेले काम जागे व्हायला थोडा उशीर लागतो. आणि चुकून तेच काम पुन्हा पुन्हा होत राहिले, तर बिल फुगते.

मग निवड कशी करायची? गिऱ्हाईक पैसे भरताना सवलत मोजायची असेल, तर ते काम घरातच, प्लगइनमध्ये ठेवावे. चादरींची छायाचित्रे लहान करणे, बिलाची प्रत ई-मेलने धाडणे ही कामे बाहेर द्यावीत. ज्यासाठी गिऱ्हाईक खोळंबते ते घरात. मागाहून झाले तरी चालते ते बाहेर. मात्र मागणीची नोंद आधी आपल्या वहीत व्हावी, म्हणजे बाहेरचे काम फसले तरी ते पुन्हा करून घेता येते.

आणि त्या तरुणाची खरी चूक? नवे प्लगइन त्याने चालू दुकानातच तपासले. आधी संकेतस्थळाची नक्कल करून तिच्यावर ते चालवून पाहिले असते, तर दिवाळी हातची गेली नसती. नवी नक्षी कोणी गिऱ्हाइकाच्या चादरीवर आजमावत नाही.