प्रमाणपत्राच्या पुढचे शिक्षण
वीजतंत्र्यांच्या निरंतर प्रशिक्षणाचा प्रश्न

(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



हत्याराला हात जोडून कामाला लागणारा कारागीर हा आपल्या समाजाच्या परिचयाचा आहे. खंडेनवमीला सुतार आपला रंधा, लोहार आपला घण आणि शेतकरी आपली अवजारे पाटावर मांडतो, गंध-फूल वाहतो. गेल्या शतकभरात या पाटावर पक्कड, पेचकस आणि टेस्टर यांनाही स्थान मिळाले. १९०५ साली मुंबईत वाडीबंदर येथील केंद्रातून वीज वाहू लागली. १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि गिरण्यांना वीज मिळाली. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने तीच वीज पुढे खेडोपाडी नेली. या प्रवासात एक नवा कारागीर उदयास आला. शासनदरबारी त्याला वीजतंत्री अथवा तारतंत्री म्हणतात. लोकांच्या तोंडी तो वायरमन आहे.

सुतार किंवा लोहार आणि हा नवा कारागीर यांच्यात एक मूलभूत भेद आहे. दार नीट बसले नाही तर ते डोळ्यांना दिसते. वीजतंत्र्याची चूक मात्र भिंतीच्या आत गाडली जाते. ती पाच-दहा वर्षे मौन राहते आणि एखाद्या पावसाळी सकाळी गिझरच्या नळाला हात लावणाऱ्या गृहिणीचा किंवा मोटार सुरू करणाऱ्या शेतकऱ्याचा बळी घेते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंची संख्या वर्षाला दहा हजारांच्या वर असते. मृतांमध्ये स्वतः काम करणारे तंत्रज्ञही असतात. म्हणून वीजतंत्र्याचे शिक्षण हा केवळ रोजगाराचा प्रश्न नव्हे, तो समाजाच्या जीवितरक्षणाचा प्रश्न आहे.

कायदा काय सांगतो?

विजेचे काम कोणी करावे, याविषयी आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील पंचेचाळिसाव्या नियमाने ही व्यवस्था स्पष्ट केली होती. विजेच्या मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे, त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख असावी आणि हात लावणाऱ्या कामगाराकडे शासनाचा परवाना असावा, अशी ती त्रिस्तरीय रचना होती. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारख्या किरकोळ कामांनाच तिच्यातून सूट होती. २००३ च्या विद्युत अधिनियमानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षाविषयक नवे विनियम केले आणि २०२३ मध्ये त्यांचीही जागा नव्या विनियमांनी घेतली. परंतु परवानाधारक ठेकेदार, प्रमाणित पर्यवेक्षक आणि परवानाधारक कामगार हे सूत्र कायम राहिले. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी विद्युत निरीक्षकांची यंत्रणा आणि परवाने देणारे अनुज्ञापक मंडळ यांच्याकडे आहे.

या चौकटीत येण्याचे राजमान्य दार म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. देशात १९५० पासून शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना चालू आहे. राज्यात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत आणि वीजतंत्री हा त्यांतील सर्वाधिक मागणी असलेल्या व्यवसायांपैकी एक आहे. दोन वर्षांचे प्रशिक्षण, अखिल भारतीय परीक्षा, त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली एखाद्या आस्थापनेत उमेदवारी असा हा मार्ग आहे.

दुसरे दार अनौपचारिक आहे, आणि खरे तर गर्दी तेथेच आहे. दहावी अर्धवट सोडलेला मुलगा एखाद्या जाणत्या वायरमनच्या हाताखाली राहतो, भिंत फोडतो, पाइप टाकतो, तार ओढतो आणि तीन-चार वर्षांत स्वतंत्रपणे कामे घेऊ लागतो. त्याच्या हातात कसब असते, परंतु खिशात कागद नसतो. याच्या उलट, कागद आहे पण बऱ्याच वर्षांत नवे काही शिकलेला नाही, असा दुसरा वर्गही आहे. एकाला प्रमाणपत्र हवे आहे, दुसऱ्याला शिक्षण. दोघांची गरज भिन्न असली तरी दोघांनाही पुन्हा एकदा वर्गात यावे लागणार आहे.

एका पिढीत झालेला बदल

चाळीस वर्षांपूर्वी परवाना घेतलेल्या वीजतंत्र्याने लाकडी पट्टीवरचे वायरिंग शिकले, चिनीमातीच्या किटकॅटमध्ये फ्यूजची तार बांधली, पाच आणि पंधरा अँपिअरची सॉकेटे बसवली. आज सॉकेटे सहा आणि सोळा अँपिअरची झाली आहेत, किटकॅटच्या जागी एमसीबी आली आहे आणि तिच्या शेजारी आरसीसीबी बसली आहे. ही केवळ डब्यांची अदलाबदल नाही. प्रत्येकामागील तत्त्व वेगळे आहे.

एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. सोळा अँपिअरची एमसीबी तारेतून त्याहून बराच अधिक प्रवाह वाहू लागला की तुटते. माणसाच्या शरीरातून मात्र त्याच्या पाचशेव्या हिश्श्याहूनही कमी प्रवाह काही काळ गेला, तरी हृदयाचा ताल बिघडू शकतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची तुलना करते. फरक तीस मिलिअँपिअरच्या मर्यादेपर्यंत पोहोचला की क्षणार्धात वीज तोडते. घरातील माणसांच्या रक्षणाचे हे प्रमुख साधन आहे.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. जुन्या घरात नवी आरसीसीबी बसते आणि दर तासाला तुटू लागते. घरमालक वैतागतो. आलेला वायरमन तारा आरसीसीबीच्या बाहेरून फिरवतो, ‘डबा खराब आहे’ असे सांगून निघून जातो, आणि घर पुन्हा उजळते. वास्तविक डबा निर्दोष असतो. पूर्वी इन्व्हर्टर बसविताना कोणीतरी एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटला जोडलेला असतो. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांचा हिशेब त्यामुळेच जुळत नाही. दोष शोधून न्यूट्रल वेगळे करणे हे अर्ध्या दिवसाचे काम असते, तारा फिरवणे पाच मिनिटांचे. तो वायरमन अप्रामाणिक असतोच असे नाही. तो शिकला तेव्हा हे उपकरण सामान्य घरांत नव्हते आणि त्यानंतर त्याला ते कोणी शिकविले नाही, इतकाच त्याचा अपराध.

अर्थिंगचेही असेच आहे. खड्डा खणला, पत्रा पुरला, मीठ-कोळसा घातला की कर्तव्य संपले, अशी समजूत सार्वत्रिक आहे. परंतु अर्थिंग ही वस्तू नसून ती मोजावयाची राशी आहे. जमिनीचा प्रकार, ओलावा आणि जोडांची अवस्था यांनुसार तिचा रोध बदलतो. अर्थ टेस्टर लावून तो मोजल्याखेरीज अर्थिंग झाले असे म्हणता येत नाही. भारतीय मानक ब्यूरोने अर्थिंगची संहिता २०१८ मध्ये आणि वायरिंगची संहिता २०१९ मध्ये नव्याने काढली. राष्ट्रीय विद्युत संहितेचीही २०२३ मध्ये नवी आवृत्ती निघाली. ही मानके मुख्यतः इंग्रजीत आहेत. ज्यांच्या हातांनी ती अमलात यावयाची, त्या कारागिरांपर्यंत ती मराठीतून पोहोचविण्याचा संघटित प्रयत्न तुटपुंजा आहे.

सूर्याचे आव्हान

यापुढील बदल तर अधिक वेगाने येत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने पीएम सूर्यघर योजना सुरू केली. एक कोटी घरांच्या छतांवर सौरसंच बसविण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. संकल्प स्तुत्यच आहे. परंतु छतावरील सौरवीज ही घरातील विजेहून निराळ्या स्वभावाची आहे.

घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे बटण बंद करताना उडालेली ठिणगी सहज विझते. सौरपट्ट्यांतून येणारा एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही. त्यामुळे पेटलेली ठिणगी पेटतीच राहू शकते. नेहमीचे बटण तेथे वापरणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. पट्ट्या एकामागे एक जोडल्या की दाब काहीशे व्होल्टपर्यंत जातो, आणि ऊन आहे तोवर या पट्ट्यांना मुख्य बटण बंद करून शांत करता येत नाही. शिवाय गावातील वीज गेली असता घरातील संचाने स्वतःहून बाजूला व्हावे लागते. अन्यथा खांबावर चढलेल्या लाइनमनच्या अंगात ‘बंद’ तारेतून वीज उतरेल. मान्यताप्राप्त सौर इन्व्हर्टरमध्ये ही सोय असते. पण जनरेटर किंवा घरगुती इन्व्हर्टर योग्य चेंजओव्हरविना जोडला तर हाच धोका कायम राहतो.

विजेवर चालणाऱ्या वाहनांनी आणखी एक भर घातली आहे. इस्त्री अर्धा तास चालते. वाहनाचे चार्जिंग रात्रभर चालू शकते. वर्षानुवर्षे वापरून सैल झालेल्या सॉकेटवर इतका वेळ सलग भार पडला की जोड तापतो, वितळतो आणि पेट घेतो. कोणत्या जाडीची तार घ्यावी, स्वतंत्र सर्किट का असावे, हे ज्ञान आता शहरापुरते राहिलेले नाही. तालुक्याच्या गावातील वायरमनलाही ते लागणार आहे.

सोयी आहेत, सांधा नाही

निरंतर प्रशिक्षणाची कल्पना आपल्याला नवी नाही. १९६७ मध्ये देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ मुंबईत, गिरणी कामगारांच्या परिसरात सुरू झाले. दिवसा राबणाऱ्या माणसाला त्याच्या सोयीच्या वेळी, त्याच्या भाषेत शिकवावे, ही दृष्टी त्यामागे होती. तीच संस्था पुढे जन शिक्षण संस्थान या नावाने देशभर विस्तारली. १९७७ पासून सेवेतील कामगारांसाठी प्रगत व्यवसाय प्रशिक्षणाची योजना आली. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली आणि पूर्वानुभवाला मान्यता देण्याची तरतूद तिच्यात करण्यात आली. ज्याने उस्तादाच्या हाताखाली शिकून कसब मिळविले, त्याची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यावे, हा तिचा आशय आहे. त्याच सुमारास राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा सहाशे तासांचा सूर्यमित्र अभ्यासक्रमही सुरू झाला.

इतके असूनही परिणाम तोकडा का? कारण या सोयी परस्परांशी सांधलेल्या नाहीत. कौशल्य प्रमाणपत्र ही एक गोष्ट आणि विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेकडून मिळणारा परवाना ही दुसरी. पूर्वानुभवाचे प्रमाणपत्र मिळालेला तरुण आपल्याला आता वायरिंगचा अधिकार मिळाला असे समजतो. कायद्याच्या दृष्टीने तो मिळालेला नसतो. दुसरीकडे, परवाना एकदा मिळाला की त्याच्या नूतनीकरणासाठी अर्ज आणि शुल्क पुरते. दरम्यान काय शिकलात, हा प्रश्न विचारण्याची प्रथा रुजलेली नाही.

अमेरिकेतील विद्युत संहिता दर तीन वर्षांनी सुधारली जाते. टेक्सास राज्यात परवान्याच्या वार्षिक नूतनीकरणासाठी चार तासांचे शिक्षण घ्यावे लागते, तर वॉशिंग्टन राज्यात तीन वर्षांत चोवीस तासांचे. पश्चिमेचे अनुकरण करावे म्हणून हे सांगणे नाही. वर्षाकाठी चार-आठ तास ही काही अशक्य अट नव्हे, एवढेच त्यातून ध्यानात घ्यावयाचे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळा सायंकाळी आणि रविवारी उघडाव्यात. यंत्रे आहेत, निदेशक आहेत, इमारती आहेत. त्या संध्याकाळी कुलूपबंद असतात. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला दिवसाच्या वर्गाला बोलावणे म्हणजे त्याला एका दिवसाच्या चुलीचा त्याग करावयास सांगणे होय.

दुसरी गोष्ट, अभ्यासक्रम लहान आणि कामाशी बांधलेले असावेत. आठ तासांत आरसीसीबी व दोषशोधन, आठ तासांत अर्थिंगचे मापन, सोळा तासांत सौरसंचाची सुरक्षा. परीक्षा हाताची असावी, पाठांतराची नव्हे. मुद्दाम बिघडविलेला बोर्ड समोर ठेवावा आणि उमेदवाराने दोष शोधून दाखवावा. प्रश्न मराठीत असावेत.

तिसरी गोष्ट, या तासांची नोंद परवान्याच्या नूतनीकरणाशी जोडली जावी आणि पूर्वानुभवाच्या प्रमाणपत्रापासून परवान्याच्या परीक्षेपर्यंत एक पायरी बांधली जावी. यात एक धोका आहे, तोही ओळखला पाहिजे. सक्ती आली की शिक्के विकणारी दुकानेही उभी राहतात. हजेरी न लावता मिळालेले प्रमाणपत्र अज्ञानाहून अधिक घातक असते, कारण ते अज्ञानाला अधिकार बहाल करते. म्हणून शिकविणारी संस्था आणि परीक्षा घेणारी यंत्रणा वेगळ्या असाव्यात.

चौथी गोष्ट शासनाची नाही, समाजाची आहे. घर बांधताना फरशीच्या रंगावर आठवडाभर चर्चा होते. वायरिंग करणाऱ्याचा परवाना मात्र कोणी पाहत नाही. गणेशोत्सवात मंडपाची रोषणाई कोणाकडून करून घेतली, हे अनेक मंडळांच्या कार्यकर्त्यांना ठाऊक नसते. सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम देणारा ग्राहक शिकलेल्या कारागिराला शिकल्याची शिक्षाच देत असतो. अर्थ टेस्टरसाठी पैसे खर्च करणाऱ्या आणि मोजमापाचा कागद हातात देणाऱ्या वीजतंत्र्याला चार पैसे अधिक मिळाले, तर बाकीचे आपण होऊन वर्गात येतील. सेवाभावी संस्था, पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था आणि उत्सव मंडळे यांनी आपल्या भागातील दहा-वीस वीजतंत्र्यांच्या प्रशिक्षणाचा भार उचलला, तर त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश झाला. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी यांना त्यातून ओळख, प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी साहाय्य मिळू लागले. वीजतंत्री त्या सूचीत नाही. त्याचा व्यवसाय परंपरागत नाही, हे त्याचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु विश्वकर्म्याचा वारसा सांगणाऱ्या समाजाने या नव्या कारागिराला परका मानण्याचे कारण नाही. वीज बोर्डापर्यंत कोण आणतो, हे सर्वांना माहीत असते. बोर्डापासून बटणापर्यंत ती सुरक्षित कोण आणतो, याची चौकशी प्रत्येकाने आपल्या घरापासून सुरू करावी.