काठ मोकळा हवा

(पुण्यातील एका वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापला आहे ‘निसर्गाशी जोडलेली भूदृश्यरचना’. त्याची पुस्तकी बाजू मी भराभर सांगून टाकते, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ती माझ्याआधी वाचलेली असणार. इयन मॅकहार्ग यांचे ‘डिझाइन विथ नेचर’ 1969 सालचे. माती, उतार, पाणी, झाडोरा यांचे नकाशे एकावर एक ठेवा आणि मग कुठे बांधायचे ते ठरवा, हे त्यांचे सांगणे. एडवर्ड विल्सन यांचे ‘बायोफिलिया’ 1984 सालचे. त्याच वर्षी रॉजर उलरिच यांचा पेनसिल्व्हानियातल्या एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, काहींच्या खिडकीसमोर झाडे, काहींच्या खिडकीसमोर विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. पुढे स्टीफन केलर्ट आणि इतरांनी या विचाराची तत्त्वे मांडली, त्यांच्या याद्या झाल्या. त्या याद्या मी आज वाचणार नाही.

वाचणार नाही, कारण यादी हातात पडली की लोक तिच्यातले सोपे तेवढे उचलतात. दिवाणखान्यासारख्या लॉबीत कुंड्यांची उभी भिंत होते, प्रवेशद्वाराशी कारंजे होते, मधोमध लॉन येते. आणि त्याच आवाराच्या मागच्या कुंपणाला लागून वाहणारा ओढा आराखड्यात नुसती एक तुटक रेघ असतो. माझे म्हणणे एवढेच आहे की आराखडा त्या रेघेपासून सुरू व्हायला हवा. गच्चीवर पडलेले पाणी कुठून कुठे जाते ते आधी, झाडे नंतर. आणि ते पाणी जिथे ओढ्याला मिळते तो काठ मातीचा, उतरता आणि मोकळा हवा. माणसाला खाली उतरून पाण्यापर्यंत जाता येत नसेल, तर बाकी कितीही हिरवे केले तरी निसर्गाशी नाते जुळत नाही, असे मी मानते.

हे शहर पाण्याच्या बाबतीत अडाणी कधीच नव्हते. कात्रजचे तलाव, तिथून नुसत्या उताराच्या बळावर पेठांतल्या हौदांपर्यंत आणलेले नळ, पर्वतीच्या पायथ्याचे तळे हे सगळे नानासाहेब पेशव्यांच्या काळातले, तुम्हाला मी काय सांगावे. तळे गेले आणि पुढे तिथे सारसबाग आली. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा मात्र अजून आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्याने आपली जागा परत मागितली. भिंती पडल्या, माणसे गेली, गाड्या एकमेकींवर चढल्या. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच मागणी ऐकू आली: भिंत बांधा, उंच बांधा. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांच्या तोंडी ही मागणी येणारच, त्यांना मी दोष देत नाही. पण उपाय तो नाही, आणि हे सांगण्यासाठी मला तुम्हाला थोडा वेळ सिंगापूरला न्यावे लागेल.

तिथे बिशान नावाचे उपनगर आहे. त्याच्या उद्यानाच्या कडेने कलांग नदी वाहायची. वाहायची म्हणजे काय, तर काँक्रीटच्या सरळसोट कालव्यातून पळायची, सुमारे 2.7 किलोमीटर. कालवा जुना झाला, दुरुस्तीची वेळ आली. एरवी जुने काँक्रीट फोडून नवे ओतले असते. पण 2006 पासून त्या देशाने आपले नाले आणि जलाशय लोकांसाठी खुले करण्याचा कार्यक्रम हाती घेतला होता. हर्बर्ट ड्राइझाइट्ल या जर्मन रचनाकाराच्या संस्थेने कालवा काढून टाकला आणि नदीला उद्यानात मोकळे सोडले. आता ती सुमारे 3 किलोमीटर वळणे घेत जाते. आधी पात्र 17 ते 24 मीटर रुंद होते. आता पूर आला की पाणी जवळजवळ 100 मीटर पसरते, आणि पात्राची पाणी वाहून नेण्याची क्षमता साधारण 40 टक्क्यांनी वाढली आहे. एरवी त्या जागेत गवत असते, मुले खेळतात. पाणी चढू लागले की भोंगे वाजतात, लोक चढ चढून वर येतात. उद्यान 2012 मध्ये खुले झाले आणि पाणमांजरे आपली आपण राहायला आली.

मला यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो 2009 सालचा भाग, आणि नेमका तोच फारसा कुणी सांगत नाही. उष्ण कटिबंधात मातीचा काठ टिकेल का, याची तिथल्या अभियंत्यांनाही शंका होती. म्हणून आधी उद्यानातल्याच एका बाजूच्या नाल्यावर 60 मीटरचा तुकडा घेतला आणि काठ बांधण्याच्या दहा पद्धती शेजारी शेजारी लावून पाहिल्या. जिवंत फांद्यांच्या मोळ्या काठात पुरणे, कलमे खोचलेले दगड रचणे, जाळीत भरलेल्या दगडांत रोपे लावणे, मातीचे थर कापडात गुंडाळून पायऱ्या करणे. पावसाचा मारा बसू दिला, मुळे धरताहेत का ते पाहिले. त्यांतल्या सात पद्धती नदीसाठी निवडल्या. फोडलेल्या काँक्रीटमधूनच एक टेकाड उभे केले. साठ मीटर, श्रोतेहो! आपल्या कोणत्याही प्रभागात साठ मीटर नाला सापडेल. तेवढ्यावर प्रयोग करायला परदेशी सल्लागार लागत नाही, कारण आपल्या शेतकऱ्याने नाल्याचा काठ निर्गुडीची फांदी खोचून आणि वाळा लावूनच धरला आहे. वाळ्याची मुळे दोन-तीन मीटर खाली जातात. वाळुंजाची ओली फांदी काठात खोचा, ती फुटते. पाण्याशी लव्हाळा आणि वाळा, त्यावर वाळुंज आणि निर्गुडी, त्याच्याही वर करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. उंबराचे एक झाड आले की तांबट, बुलबुल, वटवाघळे यांना बोलावणे पाठवावे लागत नाही. लॉनवर यांतले कोण येते, मला सांगा.

(श्रोत्यांमधून : ताई, साप येतील!) (हशा)

येतील. धामण येईल, आणि ती उंदरांमागे येईल. उंदीर येतात ते आपण काठावर टाकलेल्या कचऱ्यामागे. तेव्हा प्रश्न सापाचा नाही. (हशा, टाळ्या)

(श्रोत्यांमधून : मी निवृत्त अभियंता आहे. पानशेत विसरलात का?)

नाही, साहेब. 12 जुलै 1961 या शहरात कुणीच विसरू नये. नदीकडे पाठ करून घरे बांधण्याची आपली सवय त्या दिवसाच्या भीतीने अधिक घट्ट झाली असावी, असे मला वाटते. पण धरण फुटून आलेला लोंढा कोणतीच भिंत अडवणार नव्हती, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. आणि जो पूर पावसाने येतो, त्याला गुळगुळीत भिंतींमध्ये कोंडले की पाण्याचा वेग वाढतो आणि संकट खालच्या वस्तीत जाते. तिथली माणसेही पुणेकरच आहेत. मी भिंतीच्या विरोधात नाही. पुलाला, जुन्या वाड्याच्या पायाला, जिथे जागाच उरली नाही तिथे भिंत घाला. पण जिथे निळ्या पूररेषेच्या आत अजून मोकळी जमीन आहे, तिथे भिंत घालून मागे भराव टाकायचा आणि त्या भरावावर फरशी व झाडांच्या कुंड्या ठेवायच्या, याला मी नदीसुधार म्हणणार नाही. कुणी कितीही सुंदर चित्रे दाखवली तरी म्हणणार नाही.

सिंगापूरची नक्कल करा असेही मी सांगत नाही. तिथे बारमाही पाऊस, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर. आपल्याकडे चार महिने, तोही सातशेच्या आसपास. मे महिन्यात आपल्या ओढ्यात जे वाहते ते सांडपाणी असते, त्याच्या काठी मुलांना न्या असे मी कसे म्हणू? मैलापाण्याच्या वाहिन्या आधी वेगळ्या झाल्या पाहिजेत, त्याला पर्याय नाही. पण भिंतीने ते पाणी स्वच्छ होत नाही, नुसते नजरेआड होते. जे दिसत नाही त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. काठ मोकळा असेल तर वास येईल, लोक भांडतील, आणि लोक भांडले की वाहिन्या होतील. हा माझा अनुभवातून आलेला विश्वास आहे.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे. मुंबईतल्या माहीम निसर्ग उद्यानाबद्दल सविस्तर बोलायचे होते. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, जिथे वर्षानुवर्षे मुंबईचा कचरा टाकला जायचा तिथे आज जंगल उभे आहे. कचऱ्यावर माती घालून, झाडे रुजवून आणि नंतर त्यांना त्यांच्या मनाने वाढू देऊन ते झाले. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी पुढच्या मुंबईवारीत अवश्य पाहावे. शाळांच्या आवाराचा भागही राहिला, तो प्रश्नोत्तरांत घेऊ.

अध्यक्षांची परवानगी घेऊन एक विनंती करते. येत्या पावसाळ्याआधी आपापल्या सोसायटीच्या सभेत एक विषय मांडा: आपल्या गच्चीचे आणि वाहनतळाचे पाणी कुठे जाते? सचिवांकडून नकाशा मागा, पाण्याच्या वाटेने शेवटपर्यंत चालत जा. वाटेत ओढा लागला आणि त्याच्या काठी अजून माती असेल, तर तिथे भिंतीचे टेंडर निघण्याआधी, निघाल्यावर नव्हे, क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि साठ मीटर काठ मातीचा ठेवून पाहण्याची मागणी करा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.