दातांची ठेवण : गरज कोणती, मागणी कोणती?

(आरोग्य-अर्थशास्त्रावरील व्याख्यानाचा संपादित अंश)

‘गरज’ आणि ‘मागणी’ हे दोन शब्द व्यवहारात बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. अर्थशास्त्रात मात्र त्यांच्यातील अंतर मोठे आहे. आरोग्यसेवेचे नियोजन करताना त्याचा विसर पडला, तर सार्वजनिक निधी भलत्याच ठिकाणी खर्च होतो. हे अंतर स्पष्ट करण्यासाठी दातांच्या ठेवणीचे उदाहरण उपयुक्त ठरते. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या मुलाचे खालचे दात प्रत्येक घासाला टाळूत रुततात, त्याच्या पालकांना तो तसा वाटत नाही.

तोंड मिटल्यावर वरचे पटाशीचे दात खालच्या दातांना काहीसे झाकतात. या उभ्या आच्छादनास ओव्हरबाइट म्हणतात. साधारणतः 2 ते 3 मिलिमीटर, म्हणजे खालच्या दाताच्या सुमारे एक-तृतीयांश उंचीइतके आच्छादन स्वाभाविक मानले जाते. वरचे दात समोरच्या दिशेने किती पुढे आले आहेत, हे आडवे माप निराळे; त्यास ओव्हरजेट असे नाव आहे. बोलीत दोहोंनाही ‘दात पुढे आहेत’ असेच म्हटले जाते आणि गोंधळाला तेथूनच सुरुवात होते.

अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये दाढांच्या परस्परसंबंधावरून दंतरचनेचे तीन वर्ग पाडले. हे वर्गीकरण आजही शिकविले जाते. मात्र रचना आदर्शापासून कशी ढळली आहे, एवढेच ते सांगते. उपचार कोणावर करावेत, हे सांगत नाही. या दुसऱ्या प्रश्नाला व्यवस्थित उत्तर मिळाले ते ब्रिटनमध्ये, 1989 साली. ब्रूक आणि शॉ यांनी उपचारांच्या गरजेचा पाच श्रेणींचा निर्देशांक मांडला. ओव्हरबाइटपुरते पाहिल्यास त्यातील तर्क सरळ आहे. आच्छादन 3.5 मिलिमीटर किंवा अधिक आहे, पण दात हिरडीला टेकत नाहीत, तर श्रेणी दुसरी, म्हणजे गरज अल्प. दात हिरडीला वा टाळूला टेकतात, पण इजा नाही, तर तिसरी. इजा होत असेल, तर चौथी; येथे उपचार आवश्यक ठरतात. म्हणजे निर्णायक बाब केवळ मिलिमीटरची नसून इजेची आहे. ओव्हरजेटचा निकष मात्र मापावरच उभा आहे : 6 मिलिमीटरहून अधिक असल्यास चौथी श्रेणी, 9 हून अधिक असल्यास पाचवी. असे दात पडण्या-धडपडण्यात लवकर मोडतात, हे त्यामागील एक प्रमुख कारण होय.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत 18 वर्षांखालील मुलांवर सरकारी खर्चाने उपचार करताना हाच निर्देशांक लावला जातो. चौथी व पाचवी श्रेणी पात्र ठरते. तिसऱ्या श्रेणीतील मुलांसाठी दहा छायाचित्रांच्या सौंदर्यमापनाचा आधार घेतला जातो. सौंदर्याला असे स्थान देणे काहींना खटकते. पण वर्गात चिडविल्या जाणाऱ्या मुलाचे दुःख मोजमापात धरायचेच नाही, हाही न्याय नव्हे. आपल्याकडे मुलीचे लग्न ठरविण्याच्या वेळीच दातांची आठवण होते. ही मागणी खरी असते. मात्र तिची वेळ दंतवैद्यकाने नव्हे, समाजाने ठरविलेली असते.

वेळेचा प्रश्न खर्चाशीही निगडित आहे. पुढे आलेल्या दातांवर लहान वयात एकदा आणि किशोरवयात पुन्हा, असे दोन टप्प्यांत उपचार केल्यास दात मोडण्याचे प्रमाण घटते. त्यापलीकडे विशेष लाभ दिसत नाही, असा संशोधनाच्या आढाव्यांचा निष्कर्ष आहे. सर्वच मुलांना दोनदा तारा बसविण्याची घाई म्हणूनच अनाठायी ठरते. टाळूला जखम होत असेल, तर मात्र थांबण्यात अर्थ नाही.

येथे माहितीच्या विषमतेचा मुद्दा येतो. केनेथ अ‍ॅरो यांनी 1963 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविल्याप्रमाणे, वैद्यकीय सेवेत विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते विकत घेणाऱ्याला नसते. गरज ठरविणारा आणि सेवा पुरविणारा एकच असतो. अशा वेळी पालकांनी ‘दात कसे दिसतील?’ याआधी ‘खालचे दात कोठे टेकतात? हिरडी सुटते आहे काय? दात झिजत आहेत काय?’ हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

भारतात 2013 च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ-टाळू आणि दंतविकार यांची तपासणी समाविष्ट झाली. 2018 च्या आयुष्मान भारत विम्याचा भर मात्र रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. तारांचे उपचार बाह्यरुग्ण विभागात होतात. ते बहुधा दीड ते दोन वर्षे चालतात आणि दर काही आठवड्यांनी फेरी घालावी लागते. शासकीय दंत महाविद्यालयात शुल्क कमी असले, तरी प्रत्येक फेरीला बसभाडे, मुलाचा शाळेचा दिवस आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी जाते. संधीमूल्य म्हणतात ते हेच. उपचार अर्धवट सुटले, तर आधीचा खर्चही वाया जातो.

यावर एक अल्पखर्ची उपाय संभवतो. शाळेतील तपासणीत मुलाला दात मिटायला सांगून ओव्हरजेट मोजण्यास आणि हिरडी-टाळूवरील जखम पाहण्यास पट्टी, विजेरी आणि थोडे प्रशिक्षण पुरते. शासकीय महाविद्यालयांची प्रतीक्षायादीही नावनोंदणीच्या तारखेऐवजी श्रेणीनुसार लावता येईल. चौथ्या श्रेणीतील खेड्यातला मुलगा त्यामुळे दुसऱ्या श्रेणीतील शहरी मुलाच्या पुढे जाईल. त्याच्या फेऱ्यांचे भाडे कोणत्या लेखाशीर्षातून द्यावयाचे, हे मात्र आधी ठरवावे लागेल.