गेटच्या रजिस्टरात वेळ कोण लिहितो?



मी महूहून बोलतोय. मला बहुतेक वेळा फौजेवर बोलायला सांगतात. आजचा विषय मात्र मी मागून घेतला आहे: माझ्या भाचीची उन्हाळ्यातली इंटर्नशिप. इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली, जिथे कुठे तुम्ही ऐकत असाल, तुमच्या घरात किंवा शेजारी एखादं मूल एमबीए करत असेल आणि 'कन्सल्टिंग' हा शब्द दिवसातून दहा वेळा म्हणत असेल. आईवडिलांना एवढंच कळतं की पोर रात्री दोनपर्यंत लॅपटॉपवर असते आणि पगार चांगला असतो.

व्यवस्था थोडक्यात सांगतो. आयआयएमसारख्या संस्थांत दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या मध्ये, साधारण एप्रिल ते जून, आठेक आठवड्यांची इंटर्नशिप असते. गंमत अशी, की तिची निवड आदल्या हिवाळ्यापूर्वीच उरकते. म्हणजे मुलं जून-जुलैत दाखल होतात, हिशेबाची पुस्तकं अजून नवी कोरी असतात, आणि कंपन्या दारात उभ्या. मुलाखतीत असे प्रश्न, की इंदूरमध्ये रोज किती किलो पोहे खपत असतील, अंदाज बांधा. (आमच्या भाचीला हाच प्रश्न आला असता तर तिनं अंदाज नव्हे, उत्तर दिलं असतं.) आठ आठवड्यांत काम आवडलं तर कंपनी पुढच्या वर्षीची कायम नोकरी आधीच देऊ करते. त्याला पीपीओ म्हणतात. सगळा जीव त्या तीन अक्षरांत अडकलेला असतो.

भाचीला गुरुग्रामच्या एका सल्लागार कंपनीत जागा मिळाली. नाव सांगत नाही, गरजही नाही. तिला दिलेलं काम असं: एका मोठ्या ग्राहक कंपनीचं फर्रुखनगरच्या बाजूला गोदाम आहे. तिथे ट्रक भरायला फार वेळ लागतो, धक्क्यावर गाड्या तुंबतात. का, ते शोधा आणि खर्च कमी करा. तिच्या हातात गेटच्या रजिस्टरावरून उतरवलेली तीन महिन्यांची एक्सेल फाइल दिली. गाडी आत आली ती वेळ, बाहेर गेली ती वेळ. सरासरी निघाली पाच तासांच्या आसपास. शेजारच्या तशाच गोदामात दोन तास. गोदामात माल चढवणारे साठ हमाल. चौथ्या आठवड्यापर्यंत तिच्या गटाची स्लाइड तयार होती: हमाली संथ आहे, पट्टा बसवा, पाळ्या बदला, बावीस माणसं कमी होतील.

बावीस. स्लाइडवर तो आकडा हिरव्या चौकटीत होता, कारण ती बचत होती.

तिचा फोन आला तो रात्री साडेअकराला. "मामा, झोपलास?" म्हणाली. मग सगळं सांगितलं. आकडे जुळत होते, साहेब खूश होते, तरी तिला काहीतरी खुपत होतं. काय, ते सांगता येत नव्हतं. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस. रसद आणि गाड्या यांत माझी उमेद गेली. लडाखला हिवाळ्यात झोजिला बंद होतो, म्हणून सहा महिन्यांचा शिधा आणि इंधन उन्हाळ्यातच वर चढवावं लागायचं. त्या रस्त्यावर ताफा वाटेल तेव्हा सुटत नसे. गेट उघडण्याची वेळ ठरलेली असे, तोवर गाड्या रांगेत उभ्या. त्यामुळे गाडी उभी आहे म्हणजे तिच्यावर काम चाललंय, असं आमच्यातला कुणी नवा लेफ्टनंटही धरून चालणार नाही. मी तिला एकच विचारलं, "त्या रजिस्टरात वेळ कोण लिहितो? आणि कुठे बसून?"

ती म्हणाली, "गेटवरचा गार्ड असेल ना."

"मग तू गेटवर एक रात्र काढ."

आता इथे थोडं थांबतो, कारण खरी गोष्ट इथेच आहे. पहिल्या चार आठवड्यांत ती गोदामात एकदाच गेली होती, दिवसा, हेल्मेट घालून, कंपनीच्या माणसांबरोबर, पाऊण तास. बाकी सगळं काम वातानुकूलित खोलीत. मे महिन्यातल्या त्या भागात हे कुणालाही मोहात पाडणारं आहे, मी दोष देत नाही. पण फौजेत नवा अधिकारी पलटणीत आला की बहुतेक ठिकाणी त्याला सुरुवातीचे काही आठवडे जवानांच्या बराकीत ठेवतात. तिथेच झोपायचं, लंगरमध्येच जेवायचं. हा छळ नव्हे. पुढे ज्यांच्याबद्दल तो कागदावर सही करणार आहे, त्यांचा दिवस कसा जातो ते त्याला कळावं म्हणून.

भाचीनं परवानगी काढली आणि संध्याकाळी सात ते पहाटे पाच धक्क्यावर बसली. आठ वाजता एक गाडी भरून झाली. ताडपत्री बांधली, दोर आवळले. ड्रायव्हर गाडी सोडून खाली उतरला, चादर अंथरली आणि चाकाजवळ झोपला. गाडी धक्क्याला तशीच लागलेली. हिनं विचारलं, निघत का नाही? तो म्हणाला, "मैडम, दिल्ली जाना है. अभी नो-एंट्री है."

दिल्लीत अवजड मालवाहू गाड्यांना दिवसा आणि संध्याकाळी बंदी असते, रात्री उशिरा रस्ता मोकळा होतो. इथून लवकर निघून सीमेवर धूळ खात उभं राहण्यापेक्षा ड्रायव्हर धक्क्यावरच झोप काढत होते. गार्ड 'बाहेर'ची वेळ लिहायचा ती गाडीनं फाटक ओलांडल्यावर. ड्रायव्हरची झोप एक्सेलमध्ये हमालाच्या नावावर जमा होत होती.

पण एका रात्रीवर निष्कर्ष काढायचा नसतो, आणि तिनं काढला नाही, याचं मला कौतुक आहे. तिनं दोन गोष्टी केल्या. गाड्या ठिकाणाप्रमाणे वेगळ्या केल्या. रेवाडी, रोहतककडे जाणाऱ्या गाड्या त्याच धक्क्यावर, त्याच माणसांकडून भरून दीड-पावणेदोन तासांत बाहेर पडत होत्या. दुसरं, ई-वे बिलं मागवली. पन्नास हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल हलवण्याआधी हे बिल काढावं लागतं आणि त्यावर वेळ छापलेली असते. त्या गोदामात माल मोजून झाला की लगेच बिल निघायचं. म्हणजे गाडी कधी भरली, याचा साक्षीदार कागदावर आधीपासून होताच. महिनाभराची बिलं रजिस्टरशी ताडून पाहिली. दिल्लीच्या गाड्याही दोन तासांच्या आतच भरत होत्या. शिवाय भरलेल्या गाड्या धक्का अडवून बसायच्या, म्हणून मागच्या गाड्या तुंबायच्या.

हे घेऊन ती तिच्या मॅनेजरकडे गेली. सहावा आठवडा. जुना आकडा ग्राहकाला तोंडी सांगून झालेला. तो म्हणाला, "नंबर बदलला तर सगळी स्टोरी बदलते."

या 'स्टोरी' शब्दावर मला दोन वाक्यं बोलायची आहेत. सल्लागारांच्या जगात बार्बरा मिंटो या बाईंचं मोठं नाव आहे. मॅकिन्झीत असताना त्यांनी लिहिण्याची एक रीत घालून दिली: निष्कर्ष आधी, कारणं त्याच्याखाली, मनोऱ्यासारखी रचलेली. सांगण्यासाठी ही रीत उत्तम आहे, वरिष्ठांचा वेळ वाचतो. आमच्या ॲप्रिसिएशनची चाल उलटी: आधी उद्दिष्ट, मग जमीन, शत्रू, वेळ, मग उपलब्ध मार्ग, आणि शेवटी योजना. शिकवताना एक जुना शेरा मारला जायचा, 'सिच्युएटिंग द ॲप्रिसिएशन'. म्हणजे योजना मनात पक्की करायची आणि परिस्थितीला तिच्या मापात कोंबायचं. त्या शेऱ्यानं भल्याभल्यांचे कान लाल झालेले मी पाहिले आहेत. निष्कर्ष आधी सांगायची सवय लागलेल्या तरुणाला निष्कर्ष आधी काढायची सवय कधी लागते, ते त्यालाही कळत नाही.

मॅनेजर वाईट नव्हता. तिशीही न ओलांडलेला, तीन रात्री न झोपलेला मुलगा. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः बिलं पाहिली आणि स्लाइड काढून टाकली. शेवटच्या सादरीकरणात शिफारस वेगळी होती: भरलेल्या गाड्यांसाठी गोदामामागची जमीन सपाट करा, दिल्लीच्या गाड्या उशिरा धक्क्याला लावा, बाकीच्या आधी. हिरव्या चौकटीतली बचत बरीच आटली. बावीस हा आकडा कुठेच नव्हता.

पीपीओ मिळाला नाही. तिच्या गटातल्या पाचांपैकी दोघांना मिळाला. तिला सांगितलं गेलं, की काम प्रामाणिक आहे पण मांडणीचा वेग वाढायला हवा. खरं बोलल्याची शिक्षा झाली, असं मी म्हणणार नाही. कंपनीनं तिची दुरुस्ती मान्य केली होती. पण दोन आठवडे ती रजिस्टर आणि बिलं ताडत बसली, त्या वेळात इतरांनी चकचकीत स्लाइडी केल्या, हेही खरं. माझी बहीण फोनवर म्हणाली, "दादा, तुझ्या गेटच्या रजिस्टरानं पोरीची नोकरी घालवली." मी वाद घातला नाही. पटलंही नाही.

मला खटकतं ते वेगळंच. इंटर्न आठ आठवड्यांनी कॅम्पसवर परत जातो. त्यानं शिफारस केलेलं घडलं की नाही, घडलं तर कुणाचं काय झालं, हे त्याला कुणी कळवत नाही, आणि त्याचे गुण त्यावर अवलंबूनही नसतात. मी आखलेला ताफा घाटात अडकला तर रात्री जेवायला मी त्याच मेसमध्ये असायचो आणि ड्रायव्हर समोर असायचे. संस्थांनी मुलांना तीन महिन्यांनी एकदा, एका दिवसासाठी, जुन्या प्रकल्पाच्या जागी परत पाठवावं. खर्च रेल्वेच्या तिकिटाचा.

भाचीला कुणी पाठवलं नव्हतं. ऑगस्टमध्ये तिनं आपणहून त्या गोदामाच्या रात्रपाळीच्या मुकादमाला फोन केला. मागची जमीन सपाट झाली होती, पावसात चिखल होतो म्हणून गाड्या अर्ध्याच तिकडे जात होत्या. हमाल किती आहेत, तिनं विचारलं. तो म्हणाला, "अट्ठावन, मैडम. दो बिहार गए हैं, रोपनी के लिए. आ जाएँगे."