पोलीस आणि मोहल्ला



भिवंडीत १९७० व १९८४ साली भीषण दंगली झाल्या. १९८८ नंतर तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू-मुसलमान शेजारी पोलिसांसह नियमित एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. ओळख होती, म्हणून अफवेची शहानिशा करता आली.

ओळखीला मात्र अवधी लागतो. ठाण्याच्या प्रमुखास किमान दोन वर्षे एका जागी ठेवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा आदेश आहे. त्याच्या अंमलबजावणीचा आग्रह आपण धरावा. पालकांनी समितीच्या बैठकांना जावे. मुलामुलींनी पोलीस भरतीची तयारी करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.