गांधीलमाशी : घराजवळचे कोणते पोळे काढावे, कोणते राहू द्यावे

(आकाशवाणीच्या शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)
भाषण : विस्तार अधिकारी (कृषी), मुक्काम खापर, तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार



आज मी कपाशीवर बोलणार नाही, मिरचीवरही नाही. आज बोलायचे आहे ते आपल्या घराच्या वळचणीला, गोठ्याच्या वाशाला आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत बिऱ्हाड करणाऱ्या गांधीलमाशीबद्दल. तुम्ही म्हणाल, साहेब, यात सांगण्यासारखे काय आहे? पेटता बोळा लावला की संपले! बंधूंनो, त्या पेटत्या बोळ्यासाठीच आज हा विषय घेतला आहे.

दिवाळी झाली की आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर कामाला बाहेर पडतात. पाच-सहा महिने घराला कुलूप असते. पावसाच्या तोंडावर माणसे परत येतात, कुलूप काढतात, आणि दाराच्या चौकटीवर पोळे लोंबत असते. अशाच एका पाड्यावर मी गेलो होतो. घरधन्याने बांबूच्या टोकाला चिंधी बांधली, रॉकेलमध्ये बुडवली आणि पेटवून वर धरली. पोळे हाताच्या पंजाएवढे होते. ते जळाले. पण त्याबरोबर छपराचे गवत पेटले. माणसे आणि गुरे वाचली, पण निम्मे छप्पर गेले आणि पेरणीसाठी जपून ठेवलेले ज्वारीचे बियाणेही गेले. माशी चावली असती तर दोन दिवस सूज राहिली असती. तिला जाळण्याच्या नादात त्या घराचा हंगाम बुडाला.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात घ्या. पोळे दिसले की लगेच हात घालायचा नाही. आधी माशी ओळखायची, मग पोळ्याची जागा पाहायची, आणि मग ठरवायचे.

ओळख कशी करावी

आपल्याकडे घरापाशी दिसणाऱ्या चार प्रकारच्या माश्या सांगतो.

पहिली कुंभारीण. ही एकटी राहते. भिंतीवर, चौकटीच्या कोपऱ्यात, कधी दाराच्या कुलपात ओल्या मातीचे घर लिंपते. त्यात कोळी किंवा अळ्या भरून ठेवते, अंडे घालते आणि तोंड बंद करून निघून जाते. घराची राखण करायला ती थांबत नाही, म्हणून सहसा डंखही करत नाही. हिला भिण्याचे कारण नाही.

दुसरी पिवळी किंवा तांबूस गांधीलमाशी. कंबर बारीक, उडताना पाय खाली लोंबतात. हिचे पोळे कागदासारखे करडे असते. वाळक्या लाकडाचा भुगा चावून, त्यात लाळ मिसळून ती हा कागद बनवते. एका देठावर टांगलेले, उघड्या छत्रीसारखे, खालून घरे दिसणारे पोळे असेल तर ते हिचे समजावे. वळचण, खिडकी, केळीच्या पानाची खालची बाजू, लिंबाचे झाड या तिच्या आवडत्या जागा.

तिसरी मोठी गांधीलमाशी. अंगठ्याच्या पेराएवढी. रंगाने तांबूस-तपकिरी किंवा काळी, पोटावर पिवळा किंवा नारिंगी पट्टा. ही भिंतीच्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत, बांधावरच्या बिळात राहते. बाहेरून पोळे दिसत नाही, फक्त एका भोकातून माश्यांची ये-जा दिसते. हिचे विष जास्त आणि रागही जास्त. हिच्या वाटेला जायचे नाही.

चौथी गांधीलमाशी नव्हेच, ती मधमाशी. उंच झाडाला किंवा कड्याला लोंबणारे आग्या मोहोळ आणि झुडपातले लहान पोळे मेणाचे असते, कागदाचे नसते. मधमाशी परागीकरण करते, तिच्यावर आपली फळे आणि बियाणे अवलंबून आहे. मोहोळाला आग लावू नये, दगड मारू नये.

गांधीलमाशी आपले कोणते काम करते

आता थोडे तिच्या बाजूनेही बोलतो. मोठी झालेली माशी फुलांतला रस आणि पिकलेल्या फळांचा गोडवा खाते, पण पोळ्यातल्या पिलांना तिला मांस लागते. त्यासाठी ती दिवसभर शेतात फिरते, पानावरची अळी पकडते, चावून तिचा गोळा करते आणि पोळ्यात नेते. कपाशीच्या पानावरची अळी, भाजीपाल्यावरची अळी, मक्यावरची उघड्यावर आलेली लष्करी अळी, सगळी तिला चालते. ही अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात 2018 साली प्रथम सापडली आणि मका करणाऱ्यांना तेव्हापासून तिने किती सतावले आहे, हे तुम्हाला सांगायला नको. त्या अळीचा हा एक फुकटचा शिकारी आहे.

पण नसता विश्वासही टाकू नका, बरं का. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत दडलेली असते, तिथे गांधीलमाशीचे काही चालत नाही. त्यासाठी कामगंध सापळे लावणे, डोमकळ्या वेचून नष्ट करणे आणि हंगाम संपला की पऱ्हाटी शेतात उभी न ठेवणे, ही कामे आपल्यालाच करावी लागतात.

आणखी एक गंमत सांगतो. ऊस आणि कपाशीत आपण ट्रायकोकार्ड लावतो. त्या कार्डातून जो मित्रकीटक निघतो, तोही गांधीलमाशीच्याच गोतातला. एक मिलिमीटरपेक्षा लहान, माणसाला डंख न करणारा. तो किडीच्या अंड्यात आपले अंडे घालतो आणि अळी जन्मण्याआधीच संपते. तेव्हा या कुळाशी आपले सरसकट वैर नाही. वैर आहे ते फक्त चुकीच्या जागी बसलेल्या पोळ्याशी.

काढावे की ठेवावे

हिशेब सोपा आहे. जिथे माणसांचा आणि गुरांचा रोजचा वावर आहे, तिथले पोळे काढावे. म्हणजे दार, खिडकी, चुलीची जागा, न्हाणी, संडास, गुरे बांधण्याची जागा, हातपंप, शाळेचा आणि अंगणवाडीचा ओटा. मोटारीच्या स्टार्टरची पेटीही यातच धरावी. रात्री वीज आली म्हणून अंधारात पेटीत हात घालावा आणि आत पोळे असावे, असे होते. डंख बसला की हात झटकला जातो, आणि तो उघड्या तारेला लागला तर जीव जातो. म्हणून पेटी उघडण्याआधी बॅटरीच्या उजेडात पाहावे, पेटीची भोके बुजवावीत, आणि आतले पोळे काढायचे तर आधी वीज बंद करावी. पेटीत पाणी कधीही मारू नये.

बांधावरच्या झाडावर, उंच कौलाच्या टोकाला, वावर नसलेल्या जागी पोळे असेल तर राहू द्यावे. हिवाळ्यापर्यंत ते बहुधा आपोआप रिकामे होते.

पोळे लहान असतानाच काढावे

उन्हाळा लागता लागता, म्हणजे आपल्याकडे काठीच्या होळीला माणसे निघतात त्या सुमारास, माद्या नवीन पोळी सुरू करतात. त्या वेळी पोळ्यावर एक-दोनच माश्या असतात आणि पोळे रुपयाच्या नाण्याएवढे असते. माशी उडून गेलेली पाहून लांब काठीने ते पाडावे, देठ खरवडावा आणि जागेवर चुना मारावा. दर आठवड्याला वळचणीखाली एक फेरी मारली तर पुढचे सगळे टळते. घर बंद ठेवून कामाला जाणार असाल तर दाराच्या फटी आणि भिंतीची भोके मातीने लिंपून जा. परत आल्यावर मुलांना बाहेर उभे करून आधी एका मोठ्या माणसाने आत जाऊन वाशांकडे पाहावे.

पोळे मोठे झाले आणि काढणे भागच असले, तर पुढीलप्रमाणे करावे. हे फक्त दुसऱ्या प्रकारच्या, छत्रीसारख्या उघड्या पोळ्यासाठी आहे.

1. पहाटे उजाडण्याआधी किंवा रात्री काम करावे. गारव्यात माश्या सुस्त असतात आणि सगळ्या पोळ्यावर असतात.
2. अंगभर जाड कपडे, पायात बूट, हातमोजे घालावेत. डोके आणि तोंड मच्छरदाणीच्या कापडाने झाकावे. मुले आणि गुरे आधीच लांब न्यावीत.
3. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे भांडी घासण्याचा पातळ साबण किंवा धुण्याची पावडर विरघळवावी. साबणाच्या पाण्याने माशीचे अंग भिजते, श्वासाची छिद्रे बंद होतात आणि ती मरते. विषारी औषधाची गरज नाही.
4. हे पाणी पंपाने सात-आठ फुटांवरून पोळ्यावर भरपूर मारावे. पंप तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा असेल तर आधी स्वच्छ धुवावा. जवळ विजेची तार असेल तर पाणी मारू नये.
5. शिडीवर चढून हे काम करू नये. माशी अंगावर आली की माणूस शिडीवरून पडतो. पळण्याची वाट आधी मोकळी ठेवावी.
6. सकाळी माशी उरली नाही याची खात्री करून पोळे बांबूने पाडावे आणि पुरून टाकावे.

मोठ्या गांधीलमाशीचे बीळ किंवा पोकळी असेल तर यातले काहीही करू नका. ती रात्रीसुद्धा उजेडाच्या रोखाने अंगावर येते. तिथे काटेरी फांद्या लावा, मुलांना जागा दाखवून ठेवा, ग्रामपंचायतीला कळवा आणि माहीतगार माणसाकडूनच काम करवून घ्या. नांगरताना किंवा निंदणी करताना बांधाजवळ माश्यांची ये-जा दिसली तर तेवढा तुकडा सोडून द्या.

शेतातले कीटकनाशक घरात मारणे हा तर मोठाच धोका. छपरावर मारलेले औषध खाली धान्याच्या कणगीत आणि पाण्याच्या हंड्यात पडते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. ते तर मोकळ्या शेतात होते. बंद घरात काय होईल, याचा विचार करा.

माश्या मागे लागल्या तर

हात झाडू नका. जागेवर माशी चिरडू नका, चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या चवताळतात. तोंडावर कापड ओढून सरळ पळत सुटा आणि घरात शिरून दार लावा. विहिरीत उडी मारू नका. बांधलेले गुरू जवळ असेल आणि तुम्हाला धोका नसेल तर त्याचे दावे कापा.

डंख झाल्यावर

गांधीलमाशीचा काटा अंगात राहत नाही, आणि एकच माशी पुन्हा पुन्हा डंख करू शकते. मधमाशीचा काटा मात्र राहतो, तो नखाने खरवडून लगेच काढावा. जागा साबणाने धुवावी, गार पाण्याची घडी ठेवावी. हाताला डंख असेल तर अंगठी, बांगड्या, चांदीचे कडे ताबडतोब उतरवावे. सूज चढल्यावर ते निघत नाही. शेण किंवा माती लावू नये, त्यातून धनुर्वात होऊ शकतो.

बहुतेकांना दोन दिवस दुखते आणि बरे होते. पण काही माणसांना एकाच डंखाने जीवघेणी बाधा होते. अंगभर गांधी उठणे, ओठ, जीभ किंवा पापण्या सुजणे, आवाज घोगरा होणे, दम लागणे, उलटी, चक्कर, शुद्ध हरपणे, यातले काहीही दिसले तर क्षणाचाही उशीर करू नका. ही लक्षणे बहुधा काही मिनिटांत ते अर्ध्या-एक तासात दिसतात. यावर औषध आहे, अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन, आणि ते दवाखान्यातच मिळते. भगताला मानत असाल तर नंतर जरूर भेटा, पण आधी दवाखाना.

108 नंबरला फोन करा. डोंगरातल्या पाड्यावर गाडी पोहोचायला वेळ लागतो, म्हणून वाट पाहत बसू नका. रोग्याला आडवे घालून, पाय थोडे उंच ठेवून, झोळीत किंवा मिळेल त्या वाहनातून रस्त्यापर्यंत आणा. दम लागत असेल तर टेकून बसवा. त्याला चालवू नका, तोंडात काही घालू नका. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा अक्कलकुव्याचे ग्रामीण रुग्णालय गाठा.

तोंडात किंवा घशात डंख झाला, किंवा मुलाला दहा-वीस डंख झाले, तर बरे वाटत असले तरी दवाखान्यात न्या. खूप डंख झाल्यावर एक-दोन दिवसांनी मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. लघवी लाल किंवा काळ्या चहासारखी झाली, किंवा कमी झाली, तर तडक डॉक्टरांकडे जा. आणि ज्याला एकदा अशी बाधा झाली, त्याने पोळे काढण्याच्या कामात कधीच पडू नये.

बंधूंनो आणि भगिनींनो, माशी तिच्या घराला जपते, आपण आपल्या घराला जपू. वावराच्या जागेतले पोळे लहान असतानाच काढा, बांधावरचे राहू द्या, आणि पेटता बोळा मात्र हातात घेऊ नका. रामराम.

हे लक्षात ठेवा
• होळीपासून दर आठवड्याला वळचण पाहा.
• आग नको, शेतातले विष नको. साबणाचे पाणी पुरे.
• मोठ्या गांधीलमाशीच्या वाटेला जाऊ नका.
• अंगभर गांधी, दम, चक्कर : लगेच 108 आणि दवाखाना.
• हे पत्रक घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाकडून सर्वांना वाचून घ्या.