सीतेची वेणी आणि सुरू

(वनमहोत्सवानिमित्त पिंपरी येथे कामगारांपुढे केलेले भाषण)



आपल्या या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. बुरशीपासून पेनिसिलीन आणि मातीतील सूक्ष्म जीवाणूंपासून स्ट्रेप्टोमायसीन ही औषधे येथे तयार झाली. डोळ्यांना न दिसणारे जीव माणसाचे प्राण वाचवितात, हे पिंपरीकरांस नव्याने सांगावयास नको. असेच जीव दोन वनस्पतींना कसे पोसतात, ते आज सांगावयाचे आहे.

पहिली वनस्पती सीतेची वेणी. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच्या पश्चिमेस भीमाशंकरचे अरण्य आहे. सह्याद्रीतील अशा रानांत जुन्या वृक्षांच्या फांद्यांवर ही आमरी वाढते. ज्येष्ठाच्या सुमारास तिचे पांढरे-जांभळे घोस वेणीसारखे लोंबू लागतात. तिला कित्येक जण बांडगूळ समजतात. परंतु ती वृक्षाचा रस शोषीत नाही, केवळ आसरा घेते. तिचे बी धुळीसारखे बारीक असून त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजते.

दुसरा वृक्ष सुरू. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू स्ट्रेप्टोमायसीन देणाऱ्या जीवाणूंचे दूरचे भाऊबंद होत. ते हवेतील नत्र झाडाला मिळवून देतात. म्हणूनच सुरू कोकण किनाऱ्याच्या निकस वाळूतही वाढतो. हिमालयात दरडी कोसळून उघड्या पडलेल्या उतारांवर उतीस, म्हणजे अल्डर वृक्ष, याच बळावर उभा राहतो.

दोघांनाही सोबती हवाच. परंतु सुरू उजाड जमिनीवर नवी सुरुवात करतो, तर सीतेच्या वेणीला जुना वृक्ष लागतो. सुरूचे रोप आपण आज लावू शकतो. जुना वृक्ष मात्र लावता येत नाही, तो राखावाच लागतो.

राज्याच्या नागरी क्षेत्रांतील वृक्षांसंबंधीच्या १९७५ च्या अधिनियमात २०२१ साली सुधारणा झाली. ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षांस 'हेरिटेज वृक्ष' मानण्याची आणि तोडलेल्या वृक्षाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद तीत आहे. ही रोपे अवश्य लावावीत. तथापि साठ वर्षांच्या आंब्याऐवजी साठ रोपे लावली, तरी त्याच्या फांदीवरची आमरी त्या रोपांवर उद्या राहावयास जाणार नाही.

म्हणून रस्त्याची वा कारखान्याची आखणी होताना आवारातील जुने वृक्ष प्रथम मोजावेत आणि नंतरच खुणा कराव्यात, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.